कोंबडीचा मका आणि आपली डाळ

भिवंडीतील यंत्रमाग कामगाराच्या कुटुंबाला परवडेल असा उत्तम प्रथिनयुक्त आहार म्हणजे अंडे. पण ते देणारी कोंबडी काय खाते? मुख्यतः मका. नाशिक, जळगावकडे पिकणारा बराचसा मका कोंबडीखाद्यातच जातो.

मक्यात प्रथिने 9 ते 10 टक्के असतात, पण ती अपुरी असतात. लायसिन व ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही आणि मक्यात नेमकी तीच कमी. ताणा भरपूर असून बाणा संपला, तर माग थांबतो, तसेच हे. अशा वेळी कोंबडी निकृष्ट अंडे घालत नाही, तर कमी व लहान अंडी घालते. म्हणून खाद्यात सोयापेंड आणि वेगळे लायसिन मिसळावे लागते. हा खर्च अखेर अंड्याच्या भावात येतो.

यावर उपाय मक्याच्या दाण्यातच सापडला. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील मर्ट्झ व नेल्सन यांनी 1964 साली दाखवून दिले की, 'ओपेक-2' जनुक असलेल्या मक्यात लायसिन जवळपास दुप्पट असते. भारतातही 1970 च्या सुमारास 'शक्ती', 'रतन', 'प्रोटिना' हे वाण आले. पण दाणा मऊ, उत्पादन कमी आणि सोंडे लवकर लागत. शेतकऱ्यांनी ते सोडून दिले. पुढे मेक्सिकोतील मका व गहू संशोधन केंद्रात भारतीय शास्त्रज्ञ सुरिंदर वसल आणि इव्हांजेलिना व्हिलेगास यांनी वर्षानुवर्षे संकर करून टणक दाण्याचा सकस मका तयार केला. त्यांना 2000 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे हरियाणाच्या कृषी विद्यापीठाचा 'एचक्यूपीएम-1' हा संकरित वाण 2005 मध्ये आला.

अडचण अशी की, हा गुण डोळ्यांना दिसत नाही. शेजारच्या साध्या मक्याचे पराग पडले, तर दाण्यातील सकसपणा घटतो. वेगळा भाव मिळाल्याशिवाय शेतकऱ्याने एवढी काळजी का घ्यावी?

तबेल्यातील म्हशीला या मक्याचा विशेष फायदा नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जंतूच ही आम्ले तयार करतात. कोंबडीला आणि माणसाला ती सोय नाही.

म्हणून कोंबडीपालक मक्यात सोयापेंड मिसळतो, तेच आपणही करावे. धान्यात लायसिन कमी, डाळीत भरपूर. नुसता भात किंवा चहा-पाव देऊन मुलाचे पोट भरते, पण अंग भरत नाही. दोन्ही वेळच्या जेवणात घट्ट वरण, उसळ किंवा डाळ-तांदळाची खिचडी असावी. अंडे चालत असेल त्या घरी मुलाला रोज एक उकडलेले अंडे द्यावे. महागड्या टॉनिकच्या बाटलीपेक्षा हा खर्च नक्कीच सार्थकी लागेल.