‘मला काही झालेले नाही’

मेंदूला जबर इजा झाली की हातपाय लुळे पडतात, शब्द आठवत नाहीत, ठेवलेली वस्तू सापडत नाही. त्याबद्दल रुग्ण निदान तक्रार तरी करतो. पण त्याच इजेत आणखी एक क्षमता जाऊ शकते, आणि तिच्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. ती म्हणजे आपले काय बिघडले आहे हे ओळखण्याची क्षमता. ‘मला काही झालेले नाही, उद्यापासून दुकानात जातो,’ असे तो शांतपणे सांगतो. घरच्यांना हा हट्ट वाटतो, कधी खोटेपणाही. बहुतेक वेळा मात्र ते अर्धांगवायूइतकेच खरे लक्षण असते.

या लक्षणाला नाव मिळाले ते १९१४ मध्ये. पॅरिसचे न्यूरॉलॉजिस्ट जोसेफ बाबिन्स्की यांनी डावी बाजू लुळी पडलेल्या रुग्णांचे वर्णन करताना त्याला ‘अ‍ॅनोसोग्नोशिया’ म्हटले. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीला उजवा हात हलवायला सांगितला की ती लगेच हलवी. डावा हलवायला सांगितला की ती गप्प बसून राही, जणू प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारला आहे. तिची बुद्धी एरवी शाबूत होती.

असे का होते? हालचालीचा हुकूम सोडताना ती कशी होईल याचा अंदाजही मेंदू बांधतो आणि जे घडले त्याच्याशी तो ताडून पाहतो. ही पडताळणीच बंद पडली तर ठरवलेली हालचाल झालीच असे वाटत राहते, असे अनेक संशोधक मानतात. उजव्या अर्धगोलाच्या पक्षाघातात हे अधिक आढळते. १९८७ मध्ये इटलीतील संशोधकांनी अशा काही रुग्णांच्या डाव्या कानात थंड पाणी सोडले. कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा त्यामुळे उद्दीपित होते. थोडा वेळ काहींनी हात लुळा असल्याचे कबूल केले आणि नंतर पुन्हा नाकारले.

अपघातात चित्र वेगळे असते. डोके जोरात आपटले की मेंदूचा पुढचा भाग कवटीच्या आतील खडबडीत हाडावर घासतो. बेत आखणे, स्वतःला आवरणे, आपली चूक हेरणे ही याच भागाची कामे. असा माणूस चालतो, बोलतो, बरा झालेला दिसतो. उणीव उघडी पडते ती रोजच्या कामात.

रोजची कामे पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने अशा एका गृहस्थाला दोन कप चहा करायला सांगितला आहे, असे समजू. मदत लागेल का? ‘छे, रोज करतो.’ आधण ठेवले, साखर घातली, इतक्यात फोन वाजला. बोलता बोलता साखर पुन्हा पडली, दूध उतू गेले, बर्नर विझला आणि गॅस चालूच राहिला. विचारल्यावर उत्तर आले, ‘शेगडीच खराब आहे.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस क्रॉसन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या जाणिवेच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर ‘माझे लक्ष टिकत नाही’ एवढे ठाऊक असते. दुसरीवर, चूक होत असताना ती लक्षात येते. तिसरीवर अडचण आधीच ओळखून फोन बाजूला ठेवला जातो. एकट्याने राहण्यासाठी ही तिसरी पायरी फार मोलाची असते. पहिलीवर अडकलेला माणूस डॉक्टरांपुढे आपला आजार बिनचूक सांगतो आणि घरी जाऊन गॅस चालू ठेवतो.

म्हणूनच नुसते विचारून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज प्रिगाटानो यांच्या प्रश्नावलीत स्वयंपाक, कपडे घालणे, पैशांचा हिशेब अशा तीस गोष्टी किती जमतात हे रुग्ण स्वतः सांगतो, आणि जवळचा नातेवाईकही त्याच्याबद्दल वेगळे सांगतो. दोन्ही उत्तरांतली तफावत बरेच काही सांगून जाते.

वाद घालून ही जाण परत येत नाही. उलट रुग्ण चिडतो आणि उपचार टाळतो. अधिक उपयोग होतो तो अंदाज, कृती आणि पडताळणीचा. किती वेळ लागेल, कुठे अडेल हे त्याने आधी सांगायचे, मग काम करायचे, आणि काय झाले ते थेरपिस्टबरोबर शांतपणे पाहायचे. व्हिडिओचीही मदत होते. २००९ मध्ये नोंदलेल्या एका रुग्ण स्त्रीने स्वतःचे चित्रीकरण पाहताच आपला पक्षाघात मान्य केला. घरात मात्र प्रेमापोटी सगळेच हातात आणून दिले जाते, आणि चूक करून पाहण्याची संधीच उरत नाही. धोका नसलेल्या कामांत तरी ती मिळायला हवी.

जाण परतताना दुःखही येते. काय गमावले ते आता कळू लागते, म्हणून या टप्प्यावर नैराश्याकडे लक्ष ठेवावे लागते. काहींना सत्य पेलत नाही म्हणून ते नाकारतात. ही मनाची ढाल असते. मेंदूच्या इजेपासून ती वेगळी ओळखावी लागते, कारण अशी ढाल असेल तिथे आधी धीर द्यावा लागतो.

काहींच्या बाबतीत जाण पुरती परत येतच नाही. मग सगळी भिस्त सवयीवर आणि बाहेरच्या आधारांवर ठेवली जाते. तेच काम त्याच क्रमाने रोज करून घेतले जाते. गोळ्यांचा वारानुसार कप्पे असलेला डबा, मोबाइलचा गजर, ओट्यावर चिकटवलेली कामांची यादी आणि गॅसऐवजी आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी यांच्या आधाराने दिवसाचा बराच भाग स्वतःच्या हाताने पार पाडता येतो.