सात कोळशांची भेट

डिसेंबर 2011. नाशिकच्या घरी मी आणि धाकटा भाऊ ‘स्टीम’ या संगणक-खेळांच्या मंचावर खेळायचो. नाताळच्या सेलनिमित्त तो चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने गंमत काढली होती: खेळात ठरावीक कामगिरी केली की भेट. कधी नवा गेम, कधी सवलतीचं कूपन, नाहीतर कोळसा! खट्याळ मुलांना सांताक्लॉज कोळसा देतो, ही पाश्चात्त्य देशांतली जुनी समजूत, त्यावरूनच ही थट्टा.

स्क्रीनवर काळं ढेकूळ दिसलं आणि भावाचा चेहरा पडला. मग कळलं, 7 कोळसे जोडले की नवी भेट मिळते आणि उरलेले मोठ्या सोडतीत धरले जातात. त्या दिवसापासून तो कोळसेच मोजू लागला. “दादा, आता दोनच हवेत!” ही त्याची हाक मला अजून आठवते.