नियमांच्या वाटा आणि संगणकाची आज्ञावली

शाहूवाडी हा कोल्हापूर जिल्ह्याच्या वायव्य भागातील डोंगराळ तालुका. सह्याद्रीच्या उतारांवर विखुरलेल्या वाड्या आणि पावसाळ्यातील मुसळधार पाऊस यांमुळे येथील ग्रामस्थास ग्रामपंचायत कार्यालयात पोहोचण्यास कधी कधी विलंब होतो. मुलाच्या जन्माची नोंद मुदतीत झाली नाही, तर पुढे काय करावयाचे, हे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याने ठरवून दिले आहे. पूर्वी निबंधक नोंदवही समोर ठेवून हा निर्णय करीत. आता नोंदणी संगणकावर होते आणि नियमाची प्रत्येक पायरी आज्ञावलीत उतरवावी लागते. त्यामुळे ती आज्ञावली किती गुंतागुंतीची आहे, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

गुंतागुंत कशी मोजतात?

आज्ञावली अनेक लहान उपआज्ञावलींची बनलेली असते. प्रत्येक उपआज्ञावली एक ठरावीक काम करते. १९७६ साली अमेरिकेतील टॉमस मॅकेब यांनी तिची गुंतागुंत मोजण्याची एक सोपी रीत मांडली. उपआज्ञावलीत 'असे असेल तर हे करा, नसेल तर ते करा' अशी जितकी निर्णयस्थळे असतील, ती मोजावयाची आणि त्यांत एक मिळवावयाचा. येणारा अंक म्हणजे तिच्यातील स्वतंत्र वाटांची संख्या. हा अंक १० च्या आत ठेवावा, असे मॅकेब यांनी सुचविले होते.

जन्मनोंदणीचेच उदाहरण घेऊ. जन्माची खबर २१ दिवसांत दिली, तर नोंद विनाशुल्क होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क द्यावे लागते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत विहित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटून गेल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश आवश्यक असतो. निर्णयस्थळे तीन, म्हणून गुंतागुंतीचा अंक चार. याचा व्यवहारातील अर्थ असा की, ही उपआज्ञावली तपासण्यासाठी किमान चार नमुना प्रकरणे हवीत. चूक बहुधा सीमेवर होते. म्हणून २१ वा व २२ वा, ३० वा व ३१ वा दिवस, तसेच वर्षपूर्तीचा दिवस व त्यानंतरचा दिवस, हेही तपासावयास हवेत.

नियम तोच, अंक निराळे

आता त्यात बालकाच्या नावाची नोंद मिळवू. नोंदणीच्या वेळी नाव दिलेले नसल्यास ते १२ महिन्यांत विनाशुल्क नोंदविता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदविता येते, आणि त्यापुढील प्रकरणे वेगळी ठरतात. येथे निर्णयस्थळे दोन. आज्ञावली लिहिणाऱ्याने विलंबाच्या चारही शाखांच्या पोटात नावाची ही तपासणी पुनःपुन्हा लिहिली, तर एकूण निर्णयस्थळे ११ आणि अंक १२ होतो. विलंबाची तपासणी संपल्यावर नावाची तपासणी एकदाच लिहिली, तर तोच अंक ६ वर येतो. दोन्ही कामांसाठी स्वतंत्र उपआज्ञावली केल्यास एकीचा अंक ४ व दुसरीचा ३ राहतो. उद्या शुल्क बदलले तर पहिल्या रचनेत दुरुस्ती चार ठिकाणी करावी लागेल, आणि त्यांपैकी एखादे ठिकाण नजरेतून सुटले, तर केवळ एका गटातील पालकांकडून चुकीचे शुल्क घेतले जाईल. शेवटच्या रचनेत दुरुस्ती एकाच ठिकाणी होईल.

गुंतागुंतीचे मूळ

तथापि विभागणीने गुंतागुंत आवाक्यात येते, नाहीशी होत नाही. नियमातच ज्या वाटा आहेत, त्या आज्ञावलीत येणारच. या दृष्टीने राज्यातील दोन कर्जमाफी योजनांची रचना पाहण्यासारखी आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कुटुंब हा घटक धरलेला होता. दीड लाख रुपयांपर्यंतची माफी, त्यावरील रकमेसाठी एकवेळ समझोता आणि नियमित परतफेड करणाऱ्यांसाठी प्रोत्साहन, असे भाग त्यात होते व शेतकऱ्यांना ऑनलाईन अर्ज करावा लागे. अर्जातील व बँकांकडील माहिती जुळविण्यास अपेक्षेपेक्षा अधिक काळ लागला. डिसेंबर २०१९ मधील महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत दोन लाख रुपयांची मर्यादा ठेवून व्यक्तिगत शेतकरी हा घटक धरण्यात आला. अर्जाऐवजी बँकांच्या याद्या व आधार प्रमाणीकरण यांवर भर देण्यात आला. अपात्रतेच्या अटी याही योजनेत होत्या. परंतु पती, पत्नी व अज्ञान मुले यांची खाती एकत्र जोडण्याचा प्रश्न तेथे उरला नाही. नियमातील एक अट गेली की तिच्यामागे येणारे अनेक निर्णय आपोआप गळून पडतात.

अंकाची मर्यादा

हा अंक म्हणजे आज्ञावलीच्या गुणवत्तेचा दाखला नव्हे. बारा महिन्यांची नावे देणारी साधी उपआज्ञावली मोठा अंक दाखवू शकते आणि तरीही वाचावयास सुलभ असते. उलट एकात एक गुंफलेल्या तीन अटींचा अंक लहान असला, तरी त्या समजण्यास अवघड जातात. मोठा अंक दिसला की तेथे थांबून पाहावे, एवढाच त्याचा संकेत आहे.

आपले काम

नवीन योजनेचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याने त्यातील 'जर', 'परंतु' व 'वगळून' हे शब्द मोजून पाहावेत. शिक्षकांना हीच रीत फळ्यावर वाटांचा नकाशा काढून विद्यार्थ्यांना समजाविता येईल. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील अडचणीची खरी प्रकरणे, उदाहरणार्थ ३१ व्या दिवशी आलेली नोंद, संबंधित कार्यालयाच्या निदर्शनास आणावीत. तपासणीसाठी याहून चांगले नमुने मिळणे कठीण. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या सुधारणेनुसार, त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच ग्राह्य धरावयाचे आहे. न तपासलेली एक वाट एखाद्या बालकास शाळेच्या दारात अडवू शकते, आणि ती वेळीच शोधावयाची तर वाटा मोजता येतील इतक्याच असावयास हव्यात.