आरोग्य योजनेचं यश मोजायचं कसं?

मंडळी, बोर्ली पंचतनला बसून सरकारी आरोग्य योजनांवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "योजना चांगली की वाईट?" आज आम्ही त्याचं सरळ उत्तर देणार नाही. ते उत्तर काढायची रीत काय, हे आपण बघू. योजनांची नावं बदलतात, पण रीत एकदा हाती आली की ती पुढच्या योजनेलाही लावता येते.

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घेऊ. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्यांदा फक्त आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्यात रायगड होता. तेव्हा पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार, शस्त्रक्रिया बिनपैशात मिळत. बाकीच्या जिल्ह्यांत ती २१ नोव्हेंबर २०१३ ला पोहोचली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं.

आता बागमांडल्याला जा आणि फेरीबोटीतून समोर बघा. बाणकोटच्या खाडीपलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. तीच माती, तीच मासेमारी, घरटी एखादा मुलगा मुंबईला. पण ते सोळा महिने अलीकडे योजना होती आणि पलीकडे नव्हती. मूल्यमापन करणाऱ्याला यापेक्षा चांगली संधी कुठली?

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे घ्या, झालं. तिथंच फसगत होते. महाराष्ट्रात २००५ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे ३६ बालकं वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा १६ वर आला. २००५ लाच राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावात आशाताई आल्या. मग सगळं श्रेय अभियानाचं का? त्याच वर्षांत रस्ते झाले, मुली जास्त शिकल्या, मोबाइल आले. म्हणून शेजारी लागतो. योजना नसती तर काय झालं असतं, याचा अंदाज शेजाऱ्याकडे बघून येतो.

शेजारच्या कर्नाटकात असं झालेलं आहे. तिथली वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी उत्तरेकडच्या जिल्ह्यांत आली. संशोधकांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची गावं घेतली. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले: योजनेत येणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू, योजना असलेल्या बाजूच्या गरीब घरांत सुमारे ६४ टक्क्यांनी कमी होते. मात्र एक लक्षात ठेवा, त्या योजनेत गावागावांत शिबिरं घेऊन रुग्ण शोधले जात. नुसतं कार्ड वाटून सरकार थांबलं नव्हतं.

उलट बाजू मेक्सिकोची. तिथं लोकविमा योजनेसाठी एकमेकींसारख्या भागांच्या ७४ जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत योजना आधी कुणाला, हे चिठ्ठीनं ठरवलं. दहा महिन्यांनी पाहिलं तर घर बुडवणारा खर्च कमी झाला होता, पण तब्येतीत फरक दिसला नाही. म्हणून पैसा वाचला का आणि माणूस बरा झाला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि दहा महिने हा काळही लहानच.

आम्ही त्यात तिसरा प्रश्न घालतो: माणूस पोहोचला का? बोर्लीत रात्री छातीत दुखायला लागलं तर मोठ्या उपचारासाठी म्हसळा, माणगाव, पुढं पनवेल-मुंबई. नाहीतर दिघीहून जंगलजेटीनं आगरदांड्याला आणि मग अलिबाग. कार्ड खिशात असतं, पण रस्ता तेवढाच लांब राहतो. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली, ती याच दुव्यासाठी. शिवाय या योजनेचा भर दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर. रक्तदाबाची, साखरेची रोजची गोळी त्यात धरलेली नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच मिळायला हवी. तिथं गोळी खंडली, तर तोच माणूस काही वर्षांनी योजनेतल्या मोठ्या शस्त्रक्रियेचा 'लाभार्थी' होतो. कागदावर ते यश दिसतं. आपण त्याला यश म्हणायचं का?

म्हणून किती कार्डं वाटली, किती दावे मंजूर झाले, या आकड्यांवर समाधान मानू नका. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षात पुढं पाठवलेल्यांपैकी किती जण खरंच पोहोचले? घरी परत येईपर्यंत, गाडीभाड्यासकट, खिशातून किती गेले? आणि साखर-रक्तदाबाची गोळी वर्षातले किती दिवस केंद्रात नव्हती?

यांची उत्तरं दोन वर्षं वहीत लिहून ठेवा, आणि पलीकडच्या तीरावरच्या गावालाही लिहायला सांगा. मग योजना चांगली की वाईट, हे आम्हाला विचारावं लागणार नाही.