मुद्दल राखून ठेवणारे दान

अमेरिकेतील कॅथलिक धर्मग्राम, म्हणजे एका चर्चशी आणि त्याच्या प्रमुख धर्मगुरूंशी जोडलेला स्थानिक श्रद्धावंतांचा समुदाय, आपला नित्याचा खर्च प्रामुख्याने रविवारच्या मिस्सेत गोळा होणाऱ्या दानातून भागवतो. हे उत्पन्न उपस्थितीबरोबर कमीजास्त होते, इमारतीची डागडुजी आणि कर्मचाऱ्यांचे पगार मात्र थांबत नाहीत; म्हणून अनेक धर्मग्रामांनी ‘एन्डोमेंट’, म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ उत्पन्न वापरण्याचा कायम निधी, उभारला आहे. देवस्थानात शाश्वत पूजेसाठी रक्कम ठेवण्याची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यामागचे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की अमेरिकेत ही रक्कम ठेवीत न राहता शेअर आणि रोख्यांत गुंतवली जाते आणि बाजाराच्या चढउताराचा धक्का बसू नये म्हणून बहुधा मागील काही वर्षांच्या सरासरी मूल्याच्या चार-पाच टक्क्यांइतकीच रक्कम दरसाल खर्चासाठी काढली जाते. एक लाख डॉलरच्या निधीतून चार टक्क्यांनी वर्षाला चार हजार डॉलर हाती येतात, आणि छप्पर गळू लागलेल्या धर्मग्रामाला ते तुटपुंजे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या क्षणी मुद्दल मोडता येत नाही, हाच या निधीचा खरा गुण होय. या संयमाला कायद्याचेही पाठबळ आहे: संस्थात्मक निधींच्या व्यवस्थापनासाठी २००६ मध्ये तयार झालेला नमुना कायदा पेनसिल्व्हेनिया वगळता जवळजवळ सर्व राज्यांनी स्वीकारला असून, काही राज्यांत वर्षाला सात टक्क्यांहून अधिक खर्च हा अविवेकी ठरवला जाण्यास पात्र मानला जातो.

अशा निधीत येणारी मोठी रक्कम बहुतांशी ‘नियोजित दाना’तून येते, म्हणजे दात्याने आपली मालमत्ता, कर आणि वारस यांचा एकत्र विचार करून आधीच ठरवून ठेवलेल्या दानातून. मृत्युपत्रातील एक कलम हा त्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वाधिक रुळलेला मार्ग आहे. मात्र अमेरिकन मध्यमवर्गीयाची बरीच पुंजी ‘आयआरए’ या वैयक्तिक निवृत्ती खात्यात असते, आणि तेथे मृत्युपत्र नव्हे, तर खाते सांभाळणाऱ्या संस्थेकडे भरून दिलेला लाभार्थ्यांचा अर्ज प्रमाण मानला जातो. त्या अर्जावर मुलांच्या नावांखाली धर्मग्रामाचे नाव आणि समोरच्या रकान्यात दहा टक्के असा आकडा लिहिला, की वकिलाच्या मदतीशिवाय दानाची तजवीज होते. पारंपरिक आयआरएची रक्कम मुलांना मिळाली तर त्यांना ती काढताना आयकर भरावा लागतो आणि २०१९ च्या कायद्यानुसार बहुतेक प्रौढ मुलांना दहा वर्षांच्या आत खाते रिकामे करावे लागते. धर्मग्रामाला मात्र त्याच पैशावर आयकर लागत नाही. म्हणूनच निवृत्ती खाते चर्चला आणि घर मुलांना, ही विभागणी जाणते सल्लागार सुचवतात, कारण घराची किंमत वारसांसाठी मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते आणि आधीच्या वाढीवरचा भांडवली नफाकर टळतो.

हयातीतही हेच खाते उपयोगी पडते. वयाची साडेसत्तर वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला आयआरएतून थेट धर्मग्रामाला रक्कम पाठवता येते आणि ती तिच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. २००६ मध्ये तात्पुरती म्हणून आलेली ही सवलत २०१५ मध्ये कायम झाली आणि तिची एक लाख डॉलरची वार्षिक मर्यादा महागाईशी जोडली गेल्याने २०२५ साठी १,०८,००० डॉलर होती. तिची एक अट मात्र हमखास विसरली जाते: पैसा आधी दात्याच्या बँक खात्यात आला, तर ती सवलत हातची जाते. ज्यांना दानही करायचे आहे आणि उतारवयात उत्पन्नही हवे आहे, त्यांच्यासाठी रकमेच्या मोबदल्यात आजन्म ठरावीक वर्षासन देणारी ‘गिफ्ट ॲन्युइटी’ आहे आणि १९६९ च्या कर सुधारणा कायद्याने आखून दिलेले विशेष न्यासही आहेत. तथापि त्यांची व्यवस्था एकट्या धर्मग्रामाच्या आवाक्यातली नसल्याने ती सहसा धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अधिकारक्षेत्राच्या, पातळीवर किंवा डॅलस येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या कॅथलिक फाउंडेशनसारख्या संस्थांकडून पाहिली जाते.

खरा गुंता पैसा कोणाच्या मालकीचा, या प्रश्नात आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार, म्हणजे चर्चच्या अंतर्गत विधिसंहितेनुसार, धर्मग्राम ही धर्मप्रांताहून वेगळी विधिमान्य व्यक्ती आहे (कलम ५१५) आणि विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरले पाहिजे (कलम १२६७). अमेरिकेतील दिवाणी कायद्यात मात्र काही राज्यांत धर्मग्रामांची मालमत्ता बिशपांच्या नावावर नोंदलेली असते. लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे पोर्टलंडच्या महाधर्मप्रांताने जुलै २००४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि असा अर्ज करणारा तो अमेरिकेतील पहिला कॅथलिक धर्मप्रांत ठरला, तेव्हा धर्मग्रामांच्या मालमत्तेवर पीडितांना हक्क सांगता येतो का, हाच वादाचा मुद्दा झाला. त्यानंतर अनेक धर्मप्रांतांनी धर्मग्रामांची वेगळी कायदेशीर नोंदणी किंवा स्वतंत्र न्यास यांचा आश्रय घेतला. पीडितांच्या बाजूने पाहता ही मालमत्ता त्यांच्या हाताबाहेर ठेवण्याची तरतूद वाटू शकते, आणि तो आक्षेप केवळ दात्याच्या सोयीसाठी झटकून टाकण्यासारखा नाही.

दुसरा धोका अधिक सामान्य आहे, तो म्हणजे धर्मग्रामच उरला नाही तर काय. सेंट लुईसच्या महाधर्मप्रांताने २०२३ मध्ये आपल्या १७८ धर्मग्रामांची संख्या १३४ वर आणली, आणि अशी पुनर्रचना इतरत्रही झाली आहे. विलीनीकरणात मालमत्ता व बंधने नव्या धर्मग्रामाकडे जातात आणि मूळ दात्यांच्या इच्छेचा मान राखावा लागतो, असे कलम १२१ सांगते. पण ज्या चर्चच्या ऑर्गनसाठी निधी ठेवला ते चर्चच विकले गेले, तर ती इच्छा पाळायची कशी, हे दानपत्राच्या भाषेवरच ठरते. त्यामुळे धर्मग्रामाचे पूर्ण कायदेशीर नाव, दानाचा हेतू आणि तो हेतू अशक्य झाल्यास पर्यायी उपयोग, या तिन्हींचा उल्लेख दानपत्रात असावा लागतो. दात्याने आधी निधीचे खाते कोणाच्या नावावर आहे याचा दाखला आणि खर्चाचे लेखी धोरण मागावे. ही दोन कागदपत्रे जो धर्मग्राम दाखवू शकत नाही, त्याला रविवारचे दान जरूर द्यावे, कायम निधी मात्र सोपवू नये.