हाडांचे औषध : घ्यावे की न घ्यावे?

सुषिर हा शब्द आपल्या परिचयाचा आहे तो वाद्यांमुळे. बासरी, सनई, शंख ही सुषिर वाद्ये होत, कारण त्यांच्या पोटी पोकळी असते आणि त्या पोकळीतूनच नाद निघतो. हाडांच्या बाबतीत मात्र पोकळी वाढणे हे अनिष्ट होय. हाडाच्या आतील जाळीदार रचना उतारवयात विरळ होत जाते, जाळीचे धागे बारीक होतात, काही तुटतात, आणि हाड बाहेरून पूर्वीसारखेच दिसत असताही आतून दुबळे होते. या अवस्थेला अस्थिसुषिरता असे नाव आहे. ती दुखत नाही, तिने ताप येत नाही. पुष्कळदा एखादे हाड मोडल्यावरच तिचा पत्ता लागतो.

छत्तीसगढमधील भिलाई या पोलादनगरीत कुरुद नावाची वस्ती आहे. (धमतरी जिल्ह्यातही एक कुरुद आहे, ते हे नव्हे.) तेथील एका मराठी घराचे उदाहरण घेऊ. घर कल्पित आहे, परंतु अशी घरे त्या भागात नवलाची नाहीत. १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढे १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि कारखान्यातील नोकरीच्या निमित्तानेही अनेक मराठी कुटुंबे येथे आली. आपल्या घरातील गृहिणी सदुसष्ट वर्षांची आहे. पावसाळ्यात अंगणातील शेवाळावरून तिचा पाय घसरला, तिने हात टेकला आणि मनगट मोडले. प्लास्टर निघाले, हात चालू लागला. डॉक्टरांनी हाडांची घनता मोजून घेतली. खुब्याचा आकडा उणे २.७ आला. आठवड्याला एक गोळी लिहून मिळाली. ती गोळ्यांची पट्टी सहा आठवडे देवघराच्या फडताळात तशीच पडून आहे, कारण शेजारणीने सांगितले की या औषधाने जबड्याचे हाड सडते आणि मांडीचे हाड आपोआप मोडते.

तिची धाकटी बहीण नागपुरास असते. वय चोपन्न. ताईचे ऐकून तिनेही घनता मोजून घेतली. आकडा उणे १.८. तिचे कधी काही मोडलेले नाही, तथापि तिलाही घोर लागला आहे आणि ती गोळी मागते आहे. एक बहीण औषधाला भिते, दुसरी आजाराला. दोघींचा प्रश्न एकच आहे. उत्तर मात्र एक नाही.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या सांगाड्यात अखंड मोडतोड आणि डागडुजी चाललेली असते. एका जातीच्या पेशी जुने हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या जातीच्या पेशी त्या खळग्यात नवे हाड भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. तारुण्यात जमा आणि खर्च यांचा मेळ बसतो. स्त्रीची पाळी थांबली की ईस्ट्रोजेन या संप्रेरकाचा पुरवठा आटतो, कुरतडणाऱ्या पेशींवरील लगाम सुटतो आणि पहिली काही वर्षे हाडांचा क्षय वेगाने होतो. हा संबंध अमेरिकेतील फुलर ऑल्ब्राइट यांनी १९४१ च्या सुमारास दाखवून दिला. पुरुषही यातून सुटत नाहीत. त्यांचा क्षय सावकाश होतो इतकेच.

आता त्या आकड्याविषयी. घनता मोजण्याचे यंत्र दोन निरनिराळ्या शक्तींचे क्ष-किरण हाडातून पाठविते आणि त्यांपैकी किती अडले यावरून खनिजाचे मान ठरविते. ते मान निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीशी ताडून पाहतात. सरासरीपेक्षा अडीच प्रमाण-विचलने किंवा अधिक खाली गेल्यास अस्थिसुषिरता म्हणावे, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये केली. उणे एक आणि उणे अडीच यांच्यामधील अवस्थेला नुसती घट म्हणतात. ही रेषा माणसांनी आखलेली आहे, निसर्गाने नव्हे, उणे २.४ आणि उणे २.६ यांत हाडाला काही फरक कळत नाही. शिवाय हे यंत्र क्षेत्रफळावर घनता काढते, घनफळावर नव्हे. म्हणून ठेंगण्या आणि बारीक हाडांच्या व्यक्तीची घनता प्रत्यक्षाहून कमी भासते. आपल्याकडील पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वय. तोच आकडा पन्नाशीत आणि पंच्याहत्तरीत सारखा धोका दर्शवीत नाही; वयाबरोबर धोका कित्येक पटींनी वाढतो. ज्याचे एक हाड साध्या पडण्याने मोडले आहे, त्याचे दुसरे मोडण्याचा संभवही बराच वाढलेला असतो. म्हणूनच २००८ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे तयार झालेल्या गणनपद्धतीत घनतेबरोबर वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग, आईवडिलांचा खुबा मोडला होता काय, धूम्रपान, स्टेरॉइड औषधे इत्यादी गोष्टी विचारतात आणि पुढील दहा वर्षांतील धोका शेकडेवारीत सांगतात. भारतासाठीही तिचे कोष्टक आहे.

घनता म्हणजे बळकटी नव्हे हा धडा एका औषधानेच शिकविला. फ्लोराइड दिल्याने हाडे दाट होतात म्हणून ते अस्थिसुषिरतेवर योजून पाहिले गेले. १९९० मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : मणक्यांची घनता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली, पण मणक्यांचे भंग लक्षणीयरीत्या घटले नाहीत आणि इतर हाडांचे भंग उलट वाढले. ज्या देशात १९३७ सालीच नेल्लोर भागातील विहिरींच्या पाण्याने होणाऱ्या फ्लोराइड-विकाराचे वर्णन झाले होते, त्या देशाला याचे फारसे आश्चर्य वाटू नये. भिलाईच्या कामगाराला तर हे सांगावयासच नको. बीड कठीण खरे, पण घण बसताच ते फुटते. पोलाद वाकते आणि टिकते. हाडालाही कठीण खनिज आणि चिवट तंतू या दोहोंची गरज असते. सारांश, औषधाने आकडा किती सुधारला हे न विचारता अस्थिभंग किती टळले हेच विचारले पाहिजे.

आज सर्वाधिक वापरात असलेल्या औषधांचा उगम नळाच्या पाण्यात आहे, ही गोष्ट मनोरंजक आहे. जड पाण्यामुळे नळांत चुन्याचे थर बसतात. ते बसू नयेत म्हणून पाण्यात अल्प प्रमाणात फॉस्फेटची संयुगे मिसळण्याची रीत होती. स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांचे सहकारी यांना १९६० च्या दशकात आढळले की, याच जातीचे पायरोफॉस्फेट आपल्या शरीरातही असते आणि कॅल्शियमचे स्फटिक नको तेथे बनू देत नाही. परंतु ते तोंडावाटे दिले तर पाचक रसांनी फुटून जाते. मग दोन फॉस्फरस अणूंना जोडणाऱ्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन घालून न फुटणारे संयुग तयार करण्यात आले. हेच बिस्फॉस्फोनेट. ते हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसते. कुरतडणारी पेशी तेथे आली की ते तिच्या पोटात जाते आणि तिचे काम थांबविते. कुरुदच्या फडताळात पडलेली ॲलेंड्रोनेट ही गोळी याच वर्गातील असून अमेरिकेत तिला १९९५ मध्ये मान्यता मिळाली.

तिचा लाभ किती? १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मणक्याचा भंग आधीच झालेल्या २,०२७ स्त्रिया होत्या. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. तीन वर्षांनी क्ष-किरण चित्रात मणक्याचा नवा भंग दिसला तो औषधाविना शंभरांत १५ जणींना, औषधाने ८ जणींना. खुबा मोडण्याचे प्रमाण २.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आले. जाहिरात म्हणेल, धोका निम्मा झाला. ते खरेच आहे. परंतु खुब्यापुरते बोलावयाचे तर सुमारे नव्वद स्त्रियांनी तीन वर्षे गोळी घ्यावी तेव्हा एकीचा खुबा वाचतो. हेही तितकेच खरे आहे. दोन्ही वाक्ये एकत्र सांगितल्याविना रुग्णाला निर्णय करावयास लावणे योग्य नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि खुबा वाचणे ही लहान गोष्ट नाही. म्हातारपणी खुबा मोडलेली कित्येक माणसे पुन्हा आधाराविना चालू शकत नाहीत.

त्याच चाचणीचा दुसरा भाग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मणक्याचा भंग न झालेल्या ४,४३२ स्त्रिया होत्या. ज्यांचा खुब्याचा आकडा उणे अडीच किंवा त्याखाली होता त्यांच्यात लक्षणे दाखविणारे भंग १९.६ टक्क्यांवरून १३.१ टक्क्यांवर आले. ज्यांचा आकडा त्याहून वर होता त्यांच्यात मात्र असा लाभ दिसून आला नाही. नागपूरच्या धाकट्या बहिणीने हे वाक्य दोनदा वाचावे.

आता शेजारणीचे म्हणणे. ते खोटे नाही, प्रमाण सोडून सांगितलेले आहे. जबड्याचे हाड मृत होण्याचा प्रकार २००३ पासून नोंदविला गेला. तो मुख्यतः कर्करोगासाठी हीच औषधे फार मोठ्या मात्रेत शिरेतून घेणाऱ्यांत आढळतो. अस्थिसुषिरतेच्या मात्रेत तो वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहून विरळ आहे. औषध सुरू करण्यापूर्वी दात दाखवून, काढावयाचा असलेला दात काढून घेणे हा त्यावरचा सोपा उपाय होय.

मांडीच्या हाडाची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. बरीच वर्षे औषध घेतलेल्या काही रुग्णांत हे हाड मधोमध, किरकोळ कारणाने, खडूसारखे आडवे मोडते. कॅलिफोर्नियातील सुमारे १,९६,००० स्त्रियांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब असा : दहा हजार गोऱ्या स्त्रियांनी तीन वर्षे औषध घेतल्यास १४९ खुबे वाचतात आणि असे २ भंग होतात, आशियाई वंशाच्या स्त्रियांत ९१ खुबे वाचतात आणि ८ भंग होतात. आशियाई या शब्दात तेथे अनेक देशांचे वंशज आले, म्हणून हे आकडे भारताला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि पारडे लाभाच्या बाजूस असूनही आपल्या बाबतीत ते थोडे कमी झुकते, असे मानून चालणे शहाणपणाचे ठरेल. वर्षे वाढतात तसा हा धोका वाढतो आणि औषध थांबविल्यावर तो लवकर ओसरतो. मांडीत किंवा जांघेत नवे, सतत दुखणे सुरू झाल्यास ते अंगावर काढू नये. हाड मोडण्याआधी पुष्कळदा हीच सूचना मिळते.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न आधी सोडवावा लागतो : हाड विरळ झाले आहे की मऊ? ऊन मुबलक असूनही ड जीवनसत्त्वाची उणीव भारतात सर्वत्र आढळते. ती तीव्र असल्यास हाडात खनिज नीट भरत नाही आणि घनता कमी दिसते. अशा रुग्णाला बिस्फॉस्फोनेट देणे म्हणजे गवंडी नसताना भिंत पाडणाऱ्याला घरी बसविणे. भिंत काही त्याने उभी राहत नाही. उलट रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून प्रथम कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचे कार्य, थायरॉइड यांची तपासणी हवी. मूत्रपिंडे बरीच दुबळी असतील तर ही गोळी वर्ज्य होय. छत्तीसगढ आणि विदर्भ या दोन्ही भागांत सिकलसेल आजार आढळतो; तोही हाडांना उपद्रव देतो. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बेनामी पुड्या घेतल्या आहेत काय, हेही स्पष्ट विचारावे, कारण काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते आणि स्टेरॉइडसारखा हाडांचा शत्रू नाही.

आहार आणि व्यायाम आवश्यक आहेत. भाताच्या मुलखात कॅल्शियम कमी पडते; शंभर ग्रॅम नाचणीत, जिला छत्तीसगढी मडिया म्हणतात, ते सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. पण मोडलेल्या मनगटाच्या आणि उणे २.७ च्या जागी नाचणी उभी राहू शकत नाही. ज्याला उणीव नाही त्याने ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन भंग टळत नाहीत, हे २०२२ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले. अंगणातील शेवाळ खरवडणे, न्हाणीत धरावयास दांडी बसविणे, मोतीबिंदू काढून घेणे, रात्रीची झोपेची गोळी शक्य तर बंद करणे यांचे मोल औषधाइतकेच समजावे. जो पडत नाही त्याचे हाड सहसा मोडत नाही.

थोरल्या बहिणीने गोळी घ्यावी असे वरील सर्व पुरावा सांगतो, आणि घ्यावयाची तर नीट घ्यावी. पोटात गेलेल्या मात्रेचा शंभरावा भागही रक्तात पोहोचत नाही. कॉफीबरोबर घेतल्यास त्यातलाही निम्म्याहून अधिक वाया जातो. म्हणून सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास ना चहा, ना दुसरे औषध, ना आडवे होणे. आडवे झाल्यास अन्ननलिकेला इजा होते. ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यावयाचे झोलेड्रोनिक आम्ल आहे. सहा महिन्यांनी टोचावयाचे डेनोसुमॅबही प्रभावी आहे, पण ते मध्येच सोडून दिल्यास मणके भराभर मोडू शकतात. जेथे पुढच्या इंजेक्शनाची खात्री नाही तेथे ते सुरूच न करणे बरे.

गोळी जन्मभराची नाही. पाच वर्षांनंतर थांबविलेल्या आणि दहा वर्षे चालू ठेवलेल्या स्त्रियांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकंदर भंगांत फरक पडला नाही, फक्त दुखणे उत्पन्न करणारे मणक्यांचे भंग चालू ठेवणाऱ्यांत कमी, ५.३ ऐवजी २.४ टक्के झाले. म्हणून पाच वर्षांनी पुन्हा मोजणी करून, धोका उतरला असल्यास विश्रांती घेता येते. धाकटीने तूर्त गोळी घेऊ नये. तिने दोन-तीन वर्षांनी घनता पुन्हा मोजावी, आणि मध्यंतरी साध्या पडण्याने काही मोडले किंवा स्टेरॉइड घेण्याची वेळ आली, तर त्या दिवसापासून तिचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.