प्रवासासाठी सुटी होणारी सायकल

बहुतेक विमान कंपन्यांच्या नियमानुसार सामानाची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ६२ इंच, म्हणजे सुमारे १५८ सेंटिमीटर, यांहून अधिक झाल्यास जादा शुल्क द्यावे लागते. म्हणूनच २६ × २६ × १० इंचांच्या पेटीत मावणारी पूर्ण आकाराची सायकल ही रचनाकारापुढील खरी कसोटी ठरते. अमेरिकेतील ‘एस अँड एस’ या कंपनीच्या पद्धतीत सांगाड्याची वरची आडवी नळी आणि तिच्याखालची तिरकी नळी कापून प्रत्येक ठिकाणी कपलर, म्हणजे सुटा करता येणारा धातूचा जोड, बसवतात. जोडाच्या दोन्ही तोंडांवरील दाते एकमेकांत अडकून पिळाचा ताण पेलतात, तर बाहेरचा आट्यांचा नट विशेष पान्याने आवळल्यावर ती तोंडे घट्ट दाबून धरतो. पोलादी नळ्यांवर हे जोड चांदीयुक्त मिश्रधातू वितळवून पक्के करतात. या क्रियेला ब्रेझिंग म्हणतात. सांगाड्याचे दोन्ही अर्धे भाग पेटीत मावावेत यासाठी जोडांच्या जागा आधीच मोजून ठरवाव्या लागतात आणि ब्रेक व गिअरच्या तारांनाही सुटे होणारे जोड द्यावे लागतात. वजन किंचित वाढले, तरी मोठ्या चाकांची स्थिरता आणि स्वाराच्या मापाची बैठक कायम राहते, हेच या रचनेचे खरे मोल होय.